कूलर निर्दोष होता

आमच्या बाबांनी आयुष्यात एकदाही घरात मेकॅनिक येऊ दिला नाही. पाहुणे आले, पुढारी आले, एकदा बाजारच्या दिवशी बिथरलेला गोऱ्हा थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. पण पेचकस घेतलेला परका माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला मी पाहिला नाही. बाबा कचेरीत कारकून होते. बिघाड हा अर्जासारखा असतो, असं त्यांचं मत होतं; शांतपणे वाचला की त्याचं म्हणणं काय आहे ते त्यातच सापडतं. त्यासाठी त्यांनी एक शंभर पानी वही घातली होती आणि पट्टीने आखून तिच्यात तीन रकाने पाडले होते: दोष, कारण, उपाय. इस्त्री, रेडिओ, सायकल, नळाची तोटी, सगळ्यांची त्यात नोंद होती. एका पानावर मायच्या कंबरदुखीचीही आहे. दोष: कंबर. कारण: मोठा हंडा. उपाय: लहान हंडा. त्यांनी खरोखरच लहान हंडा आणला आणि माय दुप्पट खेपा घालू लागली. ती वही आज माझ्याकडे आहे. कंबरदुखीच्या नोंदीसमोर 'निकाली' असा शेरा आहे, आणि तो मायला विचारून लिहिलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

हिंगोली तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. गावाच्या कडेला आमचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर स्लॅब. पत्रे काढून स्लॅब टाकला तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की पत्रे निदान दिवेलागणीला तरी निवायचे, स्लॅब रात्री जेवणं झाली तरी तापलेला असायचा. आम्ही बादल्याच्या बादल्या वर नेऊन ओतायचो. पाणी चर्र करून आटायचं आणि वाफेचा वास खाली यायचा. दुपारी जेवायला ज्वारीची भाकर, कैरीचा तक्कू, फोडलेला कांदा आणि माठातलं ताक. जेवण झालं की ओल्या फरशीवर पोट टेकून पडायचं. यालाच आम्ही उन्हाळ्याची सुट्टी म्हणत होतो.

मग कूलर आला. नांदेडला बदली झालेल्या एका साहेबांकडून बाबांनी तो जुना घेतला. हिरव्या पत्र्याचा, चार पायांच्या घोडीवर उभा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पोटात पाणी आणि पाण्यात बुडालेला एवढासा पंप. तो पाणी वर चढवायचा, पाणी ताट्यांवरून पाझरायचं, आणि मागून येणारी हवा पंखा आत फेकायचा. चालू झाला की गिरणीसारखा आवाज. घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. शिवाय त्याच्या अंगात करंट होता. फार नाही, नुसत्या झिणझिण्या. बाबांनी तो दोषही वहीत घेतला होता, पण उपायाच्या रकान्यात फक्त 'चप्पल' एवढंच लिहिलं होतं. आमच्या घरात देवघर नव्हतं, वंदना विहारात व्हायची. पण चप्पल कुठे काढायची आणि कुठे घालायची याचे नियम कडक होते. स्वयंपाकघरात काढायची, कूलरजवळ घालायची. स्लीपर पायात नसताना कोणी कूलरकडे हात नेला की माय पोलिसासारखी ओरडायची.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. बाबांच्या दुरुस्त्यांमध्ये मी नेहमी सोबत असे. त्यांचं एक सूत्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "नंदे, बिघाड सापडंना झाला का अंदाज नको करू. एकेक गोष्ट काढून पाह्यची. जे काढल्यावर तकलीफ जाते, तेच कारण." हे सूत्र पुढे मला फार उपयोगी पडलं. बाबांना त्या उन्हाळ्यात पडलं नाही.

त्या उन्हाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली. माझी थोरली बहीण, शोभा. तिला वारंगा फाट्याला दिली होती. दाजींचं तिथे टायरचं दुकान. सरकारी दवाखान्यात ती सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, आणि तिसऱ्या दिवशी रिक्षातून बाळ-बाळंतीण घरी आली. मागच्या खोलीत बाज टाकली होती. त्या खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीला लावलेला कूलर. बाबांनी आठ दिवस आधीपासून तयारी करून ताट्यांत नवं गवत भरलं होतं, त्यात वाळाही घातला होता. ताई आत आली, बाबांनी बटण दाबलं, खोलीभर वाळ्याचा ओला गार वास पसरला आणि ताईने डोळे मिटून घेतले. पहिला नातू आणि नवं गवत, दोन्हींचा आनंद बाबांच्या तोंडावर सारखाच दिसत होता. हे सुख साधारण पंधरा मिनिटं टिकलं.

मग कौसाबाई आल्या. त्या आमच्या गल्लीतल्या बाळंतिणींचं अंग चोळून द्यायच्या, लेकरांना न्हाऊ घालायच्या. निम्म्या गल्लीचा पहिला आंघोळीचा तांब्या त्यांनीच ओतलेला होता, त्यामुळे कोणालाही कधीही रागावण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळालेला होता. त्या दारात थबकल्या, कूलरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं माय माय! बाळंतिणीवर वारं सोडून राहिलेत? बंद करा आधी ते!"

"कौसाबाई, मे महिना हाये," बाबा म्हणाले. "बाहेर आग बरसून राहिली."

"आग बाहेर हाये ना भाऊ? बाळंतिणीच्या अंगात त थंडी हाये. वारं लागलं त जन्माचं दुखणं घेऊन बसंल पोरगी. शेगडी कुठंय?"

शेगडी मायने आधीच माळ्यावरून काढून घासून ठेवली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, शेपा आणि लसणाची टरफलं टाकून धुरी. अंगाला तेल, डोक्याला, कानाला घट्ट फडकं. खायला डिंकाचे लाडू, भाकर, शेपूची भाजी, वर तूप. आणि पाणी अगदी मोजकं, तेही कोमट. बाबा विहारात दरवर्षी बुद्धपौर्णिमेला भाषण करायचे. कारणाशिवाय काही घडत नाही, डोळे झाकून काही मानू नका, हा त्यांचा आवडता विषय. त्या वर्षीही त्यांनी ते केलं, टाळ्या घेतल्या, आणि घरी येऊन पाहिलं तर पंचेचाळीस मिनिटांच्या भाषणाच्या वेळात मायने निखारे दुप्पट केलेले.

"ही अंधश्रद्धा हाये," बाबा म्हणाले.

"अंधश्रद्धा न्हाई, पद्धत हाये," माय म्हणाली. "माझी दोन्ही बाळंतपणं शेगडीवर झाली. मी काहून न्हाई मेले?"

जिवंत पुरावा समोर उभा होता आणि त्याच्या हातात चिमटा होता. शेवटी तह झाला. माझ्या पाहण्यात आलेल्या तहांमध्ये इतका समजूतदार तह दुसरा नाही. शेगडी राहील, कूलरही राहील. फक्त बाहेरचं वारं आत येता कामा नये, म्हणून कूलर खिडकीतून काढून खोलीच्या आत ठेवायचा, तोंड भिंतीकडे करून. आणि खिडकीला गोधडी ठोकायची. दाराला दुसरी गोधडी पडद्यासारखी. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. खाली निखारे, बाजूला कूलर, मधे ताई आणि बाळ. आज लिहिताना हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं की कूलर बिघडला आहे. पंखा फिरत होता, पाणी पाझरत होतं, पण गारवा नव्हता. खोलीत पाऊल टाकलं की अंगाला चिकट वाफ बसायची. भिंतींना ओल सुटली, काडेपेटीतल्या काड्या पेटेनात. बाबांनी वही उघडली. दोष: गारवा देत नाही. कारण: ताटीचे गवत निकृष्ट. गवत बदललं. तसंच. मग कारण: बोअरच्या पाण्याचे क्षार. पंप काढून लिंबाच्या पाण्यात उकळला, वरच्या नळीची भोकं मी सुईने एकेक मोकळी केली. पाणी आधीपेक्षा जोरात पडू लागलं आणि खोली आधीपेक्षा जास्त दमट झाली. मग कंडेन्सर बदलला. पंखा असा सुटला की भिंतीवरचं कॅलेंडर फाटलं. मग टाकीत बर्फ टाकला. मग पंख्याच्या पात्यांचा कोन पक्कडीने वाकवून पाहिला. रोज कचेरीतून आले की हातपाय न धुता, स्लीपर घालून, बाबा कूलरच्या पोटात शिरायचे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने इतका वेळ बसू नये म्हणून माय बाहेरून पुटपुटायची. बाबा आतून म्हणायचे, "दोन मिनिटं. आता सापडलंच."

एकेक गोष्ट काढून पाहायची, हे ते तंतोतंत पाळत होते. फक्त ते कूलरातूनच काढत होते, खोलीतून नाही.

ताईला चौथ्या-पाचव्या दिवसापासून डोकेदुखी लागली. मग मळमळ. कौसाबाईंनी निदान केलं, वारं लागलं. त्या यंत्राचं वारं. उपाय म्हणून खिडकीची गोधडी खालून चिंध्या कोंबून घट्ट केली आणि निखारे वाढवले. माय दिवसातून चारदा ताईच्या कपाळाला सुंठ उगाळून लावायची. ताई माझ्याकडे पाहून हळूच म्हणायची, "नंदे, घोटभर पाणी दे ना गं." मी पदराआड तांब्या लपवून न्यायचे. चोरी पकडली गेली तेव्हा मायने माझ्या पाठीत धपाटा घातला. "दूध नासवशील तिचं!" दूध आधीच कमी झालं होतं, पण तेही वाऱ्याच्या खात्यावर गेलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सकाळी ताईला परसात नेत असू. तोंडावरून फडकं घेऊन, दोन्ही बाजूंनी धरून. तिथे कडुलिंबाचं झाड होतं. दहा-पंधरा मिनिटांत तिचं डोकं थांबायचं, ती बोलायची, एकदा तर कौसाबाईंच्या चालण्याची नक्कल करून हसलीसुद्धा. आत आली की तासाभरात पुन्हा तसंच. मी हे मायला सांगितलं. माय म्हणाली, "सकाळी वारं कमी असतं." बाबांना सांगितलं, तर ते पंपातून मान वर न काढता म्हणाले, "बराबर. म्हणूनच त कूलर लवकर नीट व्हायला पाह्यजे."

बाळ मात्र सगळ्यांच्या कौतुकाचं होतं. पहिले काही दिवस भोकाड पसरायचं, मग हळूहळू शांत झालं. कौसाबाई न्हाऊ घालताना म्हणायच्या, "लई गुणाचं लेकरू. रडतंच न्हाई." शेजारणी बघायला यायच्या, त्याही तेच म्हणायच्या. मायने कोणी नसताना मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली, इतकं गुणाचं. बारशाचा दिवस रविवारी धरला होता. दाजींकडची माणसं येणार होती, आणि त्यांच्यासमोर कूलर गार वारा देणार, हे बाबांनी मनाशी ठरवलेलं होतं.

शुक्रवारी दुपारी लाईट गेली. तेव्हा दुपारी लाईट जाणं ही बातमी नव्हती. कूलर घरघर करत थांबला. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पडले होते. इतक्या दिवसांच्या खडखडाटानंतर एकदम शांत झालं, आणि मग मला ऐकू आलं की आतल्या खोलीतून काहीच ऐकू येत नाहीये. बाळाची कुरकुर नाही. ताईचं कण्हणं नाही. बांगडीचा आवाज नाही. माय स्वयंपाकघरात बारशासाठी खोबरं किसत होती, तो किसणीचा आवाज तेवढा येत होता.

मी गोधडी बाजूला करून आत गेले. तापलेल्या तंदूरात डोकं घालावं तशी वाफ तोंडावर आली. ताई डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. "ताई?" म्हटलं तर तिने मान हलवली, आणि जड जिभेने म्हणाली, "नंदे, भिंत सरकून राहिली." मी बाळाला हात लावला. तीन कपड्यांच्या आतून ते चटका बसेल इतकं गरम होतं. ओठ सुकलेले. मी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. रडायला पाहिजे होतं. त्याने नुसता चेहरा आवळला आणि पुन्हा सैल सोडला. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली की तशी पुन्हा कधीच वाटली नाही, स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही.

मी काही शूर मुलगी नव्हते. मायला उलट बोलायला मला जड जायचं. पण बाबांचं वाक्य डोक्यात होतं आणि समोर खोली होती. एकेक गोष्ट काढून पाहायची. मी आधी शेगडी काढली. फडकं शोधत बसले नाही, तशीच कड धरून ओढली. उजव्या हाताच्या बोटांवर त्याची खूण अजून आहे. ती परसात नेऊन उलटी केली. मग खिडकीची गोधडी खेचली. खिळ्यांसकट आली. बाहेरची हवा आत आली, मेमधली, उन्हाने भाजलेली, आणि तरीही ती मला गार लागली. मग बाळाला छातीशी घेऊन मी लिंबाखाली पळाले आणि तिथूनच ओरडले.

माय धावत आली. तिच्यामागे कौसाबाई, कारण आमच्या गल्लीत ओरडल्यावर त्या यायच्याच.

"काय केलंस गं हे? उघड्यावर आणलंस लेकराला? मारून टाकशीन!"

"आत मरून राहिलं व्हतं, माय!" मी म्हणाले. मायशी मी अशी कधी बोलले नव्हते. "ताईला उचला आधी. शुद्ध न्हाई तिला."

कौसाबाईंनी बाळाला झटक्यात माझ्याकडून घेतलं, त्याला पुन्हा गुंडाळण्यासाठी. धरल्या धरल्या त्यांचा चेहरा बदलला. चाळीस वर्षं लेकरं हाताळलेली बाई. त्यांनी स्वतःच बाळाच्या डोक्याचं फडकं सोडलं, मग दुपटं, मग झबलं. माय आणि मी ताईला अक्षरशः ओढत बाहेर आणलं आणि झाडाखाली चटईवर टेकवलं. मी तांब्याभर पाणी तिच्या तोंडाला लावलं, सगळ्यांच्या देखत. ती गटागटा प्यायली आणि उलटली. मी पुन्हा भरून आणलं.

तेवढ्यात बाबा सायकलवरून आले. शुक्रवारची अर्धी रजा टाकून ते नवा पंप घेऊन आले होते. कॅरिअरला वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंप, आणि समोर उघड्यावर लेक, उघडा नातू, उलटी शेगडी, खिडकीला गोधडीची फाटकी पट्टी. माय त्यांना म्हणाली, "तुमीच सांगा आता हिला!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, मग आत खोलीकडे. ते दारापर्यंत गेले, गोधडीतून डोकं आत घातलं, बाहेर काढलं. एखादा जुना कागद फिरवून मागची बाजू वाचावी तसे ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "नंदे, रिक्षा आण."

दवाखान्यात बाळाला आणि ताईला वेगवेगळ्या खाटांवर घेतलं. बाळाच्या इवल्याशा हाताला सलाईन, ताईच्या नाकाला नळी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घामाने भिजलेल्या. त्यांनी बाळाचे डोळे पाहिले, ताईची नखं पाहिली आणि सरळ विचारलं, "बंद खोलीत शेगडी ठेवली होती का?"

"न्हाई," माय म्हणाली.

मी मायकडे पाहिलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिला फक्त त्या क्षणी तसं नसावं असं वाटत होतं. कौसाबाई भिंतीकडे पाहत होत्या.

"होती," बाबा म्हणाले. "दोन्ही गोधड्या मीच ठोकल्या. शेगडीलाही मीच मान्यता दिली."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की बंद खोलीत निखाऱ्यांचा एक विषारी वायू साठतो, त्याला ना रंग असतो ना वास, आणि डोकेदुखी, मळमळ ही त्याचीच खूण. बाळाच्या अंगातलं पाणी आटलं होतं. "कोणी बाहेर काढलं यांना?" त्यांनी विचारलं. बाबांनी बोटाने मला दाखवलं. त्या फक्त म्हणाल्या, "हात दाखव," आणि माझ्या बोटांना मलम लावलं.

माय दोन दिवस जेवली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहायची आणि मधेच मला म्हणायची, "पण मी काहून न्हाई मेले गं? मला त शेगडीच व्हती." तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला उत्तर दिलं, आणि बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वात चांगलं वाक्य आहे, त्या बुद्धपौर्णिमेच्या भाषणापेक्षा चांगलं. "तुझी बाळंतपणं तुझ्या माहेरी झाली, अन् ते घर कुडाचं व्हतं. औंढ्याकडच्या त्या खेड्यात. कुडातून आरपार वारं जायचं, वर गवताचं छप्पर. तिथं शेगडी बराबर व्हती. चूक तुझी न्हाई. आपण कूड सोडून स्लॅबाखाली आलो, अन् शेगडी तीच ठेवली." मायने डबा उघडला आणि भाकर खाल्ली.

चौथ्या दिवशी बाळ रडलं. असं रडलं की शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली. आम्ही सगळे खाटेभोवती उभं राहून ऐकत होतो, जणू गाणं लागलंय. मायच्या डोळ्यांना धार लागली. कौसाबाई म्हणाल्या, "आता कसं लेकरू वाटून राहिलं!" गुणाचं आहे असं मात्र या वेळी कोणी म्हणालं नाही.

बारसं एक आठवडा पुढे गेलं. त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी कूलर उचलून पुन्हा खिडकीत लावला, ताट्या बाहेरच्या बाजूला, समोरचं दार उघडं. जुनाच पंप, तेच गवत, आणि वाकवून बिघडवलेली पातीसुद्धा तशीच. बटण दाबलं आणि खोली पाच मिनिटांत गार झाली. नवा पंप कागदातून निघालाच नाही. बारशाला आलेल्या बायांना कौसाबाई सांगत होत्या, "मीच म्हटलं, लेकराला लिंबाखाली घ्या." त्यांना कोणी खोडून काढलं नाही. बाळाचं झबलं पहिल्यांदा कोणी सोडलं होतं ते मी पाहिलं होतं, त्यामुळे मीही बोलले नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी वही उघडली. मी त्यांच्या मागे उभी होते. त्या नोंदीचं पान मी अजून अधूनमधून उघडते. कचेरीचीच भाषा आहे, त्यांना दुसरी येतच नव्हती. दोष: गारवा देत नाही. कारण: सदर कूलरची सखोल तपासणी केली असता तो निर्दोष आढळून आला. दोष खोलीचा असून खोली बंद करण्यास आमची संमती होती. उपाय: खिडकी उघडी ठेवणे. त्याखाली तारीख नाही, 'निकाली' असा शेराही नाही. खाली फक्त एवढंच आहे. शोध: नंदा.

पुढे मी शिक्षिका झाले. रिटायर व्हायला आता फार दिवस नाहीत. बाबा नाहीत, माय नाही, कौसाबाई तर कधीच्या गेल्या. ते गुणाचं लेकरू पस्तिशी पार करून गेलं. लग्न झालं, नोकरीला लागलं, घराला एसी लावला. माझ्याही घरी एसी आहे आणि तो बिघडला की मी मुकाट्याने कंपनीच्या माणसाला फोन करते. बाबांना कळलं तर चालणार नाही, असं अजूनही वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. सून बाळंत झालेली, नात घरी आलेली, ताई आजी झालेली. आवाजात तीच धांदल, मायची.

"नंदे, तू ते बाबांबरोबर करायचीस ना, म्हणून इचारते. एसी चालू हाये, पण खोली काही गार व्हईना. बिघडला वाटतं. पोरगी पण थोडी गरम लागून राहिली. काय पाहू?"

मी वहीतलं ते पान डोळ्यांसमोर आणलं. मग विचारलं, "ताई, बाजेखाली काय आहे?"

पलीकडे बाज किंचित सरकल्याचा आवाज आला.

"थोडीशीच ठेवली गं," ताई म्हणाली. "पद्धत म्हणून."

"खिडकी उघड," मी म्हणाले. "फोन ठेवू नकोस. आधी खिडकी उघड, मला आवाज ऐकू दे."